काचेआतली बिऱ्हाडं

सकाळी पावणेसहा

हॉलमधल्या टाकीचा दिवा मी उठल्या उठल्या लावत नाही. आधी खिडकीचा पडदा सारायचा, मग खोलीतला बल्ब लावायचा आणि पंधरा-वीस मिनिटांनी टाकीवरची ट्यूब. माशांना पापण्या नसतात. झोपेतही डोळे उघडेच. काळोखातून एकदम लख्ख उजेड झाला की ते दचकतात, काचेवर आपटतात, कधी उसळून झाकणाला धडकतात. ठाण्यात घरोघरी जाऊन मी टाक्या सांभाळते, आणि नव्या घरी पहिल्या दिवशी सगळ्यात आधी हीच गोष्ट सांगते.

या वेळेला माझे निऑन टेट्रा पाहिले तर कुणाला वाटेल, भलतेच मासे आणलेत. अंगावरची ती चमकदार निळी पट्टी विझून मळकट जांभळी झालेली असते, शेपटीकडचा लाल रंगही उतरलेला. एकेक जण पाण्यात जागच्या जागी तरंगत असतो. ही त्यांची रात्र. त्या निळ्या पट्टीत निळा रंग असा भरलेलाच नसतो. कातडीतल्या पेशींमध्ये ग्वानिनच्या स्फटिकांचे अतिशय पातळ थर एकावर एक रचलेले असतात आणि त्यांच्यावरून परतणारा उजेड आपल्याला निळा दिसतो. थरांमधलं अंतर बदललं की रंग बदलतो. उजेड वाढत गेला की हळूहळू पट्टी पेटत जाते. रोज बघते, तरी चहाचा कप हातात घेऊन मी तिथेच उभी राहते.

लोक मला टाकी स्वच्छ करण्याचे पैसे देतात, पण माझ्या लेखी खरं काम बघण्याचं आहे. मासा विचित्र वागतोय असं आपण म्हणतो तेव्हा दोनच शक्यता असतात. एक तर ती त्याच्या मूळ नदीतली सवय असते, नाहीतर पाण्याबद्दलची तक्रार. यातलं काय आहे ते ओळखता आलं, तर निम्मी औषधं बाटलीतच राहतात आणि निम्मे मासे वाचतात.

सकाळी सात

पिशवी भरतानाच फोन येतो. लांब पाइप, दोन बादल्या, काच घासायचा चुंबकाचा ब्रश, जाळ्या, थर्मामीटर, अमोनिया तपासायचे थेंब, क्लोरीन मारायचे थेंब, खडे मीठ, जुना टूथब्रश असा सगळा संसार स्कूटरवर बसवायचा असतो.

"ताई, तो केशरी-काळ्या पट्ट्यांचा मासा गेला वाटतं. दगडामागे आडवा पडलाय. हे म्हणतात काढून टाकू."

"काढू नका. कल्ले हलतायत का बघा आधी."

थोडा वेळ शांतता. मग, "अगं बाई, हलतायत की!"

हा क्लाउन लोच. सुमात्रा आणि बोर्निओच्या नद्यांमधला मासा. पोट भरलं, जागा सुरक्षित वाटली की हा सरळ कुशीवर आडवा होतो आणि तसाच पडून राहतो, दगडांच्या फटीत तर कुठल्याही अंगाने. नव्याने पाळणाऱ्या प्रत्येकाला तो एकदा तरी मेलेला वाटतो. नीट खाल्लं-प्यालं की टकटक असा आवाजही काढतो, आणि शांत खोलीत तो काचेबाहेर स्पष्ट ऐकू येतो. घाबरून जाळी घालू नका असं मी नेहमी बजावते, कारण त्याच्या डोळ्याखाली एक काटा असतो. धोका वाटला की तो बाहेर काढतो आणि जाळीत अडकून बसतो, मग सोडवताना माशाचाही जीव जातो आणि आपलाही. तर हे आडवं पडणं म्हणजे सवय. तक्रार नव्हे.

सकाळी साडेआठ, नौपाडा

जुन्या इमारतीतलं दुसऱ्या मजल्यावरचं घर, अडीच फुटी टाकी, तीन गोल्डफिश. आजोबा दाण्यांच्या स्टीलच्या डबीवर चमचा वाजवतात, आणि टाकीच्या दुसऱ्या टोकाला असलेले तिघेही शेपट्या हलवत समोरच्या काचेपाशी हजर. आजी तोच चमचा घेऊन वाजवतात तेव्हा मात्र ते अर्ध्यावर येऊन थबकतात.

"माझ्याकडे ढुंकून बघत नाहीत मेले," आजी म्हणतात. "आत्ता तर दिलं होतं ह्यांनी, आणि परत बघा कसे आ वासून उभे!"

आजींचा राग खरा आहे आणि माशांची भूकही खोटी नाही. गोल्डफिशला पोट नसतं. म्हणजे आपल्याला असते तशी अन्न साठवायची पिशवी नसते. गिळलेलं थेट आतड्यात जातं. त्यामुळे एकदाच भरपूर खाऊन तृप्त होणं या माशाला ठाऊकच नाही. दिवसभर तळ चाळत राहायचं आणि जे मिळेल ते खायचं, हीच त्याच्या घराण्याची रीत. हे घराणं कार्पचं, आणि माणसाने ते चीनमध्ये हजार वर्षांपूर्वीच पाळायला घेतलं. आजोबांना मी दिवसातून दोन वेळा, दोन मिनिटांत संपेल एवढंच घालायला सांगितलंय. चमचा मात्र त्यांनी हवा तेवढ्या वेळा वाजवावा. माशांनी येऊन भेटावं यात काहीच वाईट नाही.

चमच्याचा आवाज त्यांना ऐकू येतो का, हे आजोबांनी मला एकदा विचारलं होतं. येतो, आणि चांगला येतो. गोल्डफिश, कार्प, मांगूर-शिंगाळ्याच्या जातीचे मासे यांच्या पाठीच्या कण्यातल्या पुढच्या मणक्यांपासून काही छोटी हाडं बनलेली असतात. पोटातल्या हवेच्या पिशवीला जाणवलेली थरथर ती आतल्या कानापर्यंत नेतात. अर्न्स्ट वेबर या जर्मन शास्त्रज्ञाने 1820 मध्ये त्यांचं वर्णन केलं, म्हणून ती वेबरची हाडं. पुढे 1923 मध्ये कार्ल फॉन फ्रिश यांनी शिट्टी ऐकून बिळाबाहेर येणाऱ्या एका आंधळ्या कॅटफिशवर लेख लिहिला. मासे बहिरे असतात असं तेव्हा बऱ्याच विद्वानांचं मत होतं. मधमाश्यांचं नृत्य उलगडणारे हेच ते फ्रिश, ज्यांना 1973 मध्ये नोबेल मिळालं. आजोबांच्या डबी-चमच्याला असा मोठा पूर्वज आहे हे सांगितल्यावर त्यांचा चेहरा जो खुलला, तो मला अजून आठवतो.

माझं साफसफाईचं काम चालू असताना मधला, मोठ्या डोक्याचा ओरांडा तळाशी गेला. त्याने तोंडभर खडे उचलले आणि गालफडं हलवत थोडा वेळ घोळवले. मग एक एक करत चार खडे थुंकले. पाचवा खडा जरा जास्त वेळ राहिला, तोही आला. हे मी कितीही वेळ बघू शकते. त्याच्या टाळूला एक जाडसर मांसल भाग असतो, चवीच्या बिंदूंनी भरलेला. त्याने तो तोंडातल्या तोंडात अन्नाचा कण धरून ठेवतो आणि खडा सोडून देतो. दात त्याच्या जबड्यात नसतात, घशात असतात. म्हणून या घरात मी तळाला अगदी बारीक खडी टाकलीय. मधल्या मापाचे, वाटाण्याएवढे खडे गोल्डफिशच्या तोंडात अडकू शकतात.

"यांना तीन सेकंदांपलीकडचं आठवत नाही म्हणे," आजींच्या नातवाने मागे एकदा विचारलं होतं. साफ चुकीचं. शिकवलेली गोष्ट गोल्डफिश महिनोन्‌महिने लक्षात ठेवतो. इस्राएलच्या बेन-गुरियन विद्यापीठातल्या संशोधकांनी तर चाकांवर पाण्याची टाकी बसवली. मासा ज्या दिशेने पोहेल त्या दिशेला गाडी जाणार, अशी व्यवस्था. गोल्डफिश ती गाडी खोलीतल्या ठरलेल्या खुणेपर्यंत न्यायला शिकले. 2022 मध्ये हे प्रसिद्ध झालं. आजोबांच्या माशांना आजी आणि आजोबा वेगळे कळतात, यात मला तर काही नवल वाटत नाही.

फिल्टरचा स्पंज नळाखाली धरायचा नाही, टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळायचा, हे आजींना आता पाठ झालंय. मासे कल्ल्यांतून अमोनिया सोडतात, आणि तो पचवणारे जिवाणू त्या स्पंजातच घर करून असतात. नळाच्या क्लोरीनने ते मेले तर स्वच्छ दिसणारी टाकी दोन दिवसांत विषारी होते.

सकाळी दहा, पाचपाखाडी

इथे एकच मासा. ऑस्कर, ॲमेझॉनच्या खोऱ्यातला, वीतभराहून मोठा, नाव ठमा. मागच्या खेपेला घरच्या सूनबाईंनी हौसेने टाकीतली सजावट बदलली होती. प्लास्टिकची नवी झाडं लावली, मोठा दगड उजवीकडून डावीकडे नेला. ठमा तीन दिवस कोपऱ्यात कुशीवर पडून होता, जेवणाकडे बघायला तयार नव्हता. घरात सगळ्यांना जेवण गोड लागेना.

"ताई, रुसलाय हो तो," काका म्हणाले.

ऑस्कर पाळणारे सगळे हाच शब्द वापरतात. मीही वापरते, कारण दिसतं ते तसंच दिसतं. पण कारण असं की ऑस्कर सिक्लिड कुळातला आहे, आणि या कुळाला आपल्या हद्दीची फार आस्था. आपली जागा तो दगडांच्या खुणांवरून ओळखतो. खुणा हलवल्या म्हणजे त्याच्या दृष्टीने तो रातोरात परमुलखात गेला. मी दगड जिथे होता तिथे परत ठेवायला लावला. आज गेले तर ठमा समोर येऊन काचेला नाक लावून उभा. टाकीत हात घातला तसा माझ्या मनगटाला येऊन धडकला, पाइपचं तोंड ओढायला लागला. झाडं त्याने स्वतःच उपटून एका कोपऱ्यात लोटली होती. हीटरही त्याने हलवून आडवा केला होता. हीटरभोवती जाळीचं कव्हर बसवलं, कारण काचेचा हीटर फुटला तर टाकीत वीज उतरते. ऑस्करच्या घरी हे कव्हर असलंच पाहिजे.

जाता जाता मी वाळूत एक खळगा बुजवला. बादली उचलेपर्यंत ठमा तिथे आला आणि तोंडाने वाळू उचलून बाजूला टाकत तो पुन्हा खणायला लागला. मी त्याला खणू दिलं.

सकाळी साडेअकरा

वर्तकनगरजवळ एक घर, सुट्टीचे शेवटचे दिवस, म्हणून मुलं टाकीला चिकटलेली. गप्पी मासे. महापालिकेची माणसं डासांच्या अळ्या खायला पाण्याच्या हौदांत सोडतात तेच. दुकानात मिळतात त्या मोठ्या शेपटीच्या जाती त्यांच्यातूनच निवडून काढलेल्या. नाव पडलं त्रिनिदादमधल्या रॉबर्ट गप्पी यांच्यावरून. त्यांनी लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला पाठवलेल्या नमुन्यांमुळे 1866 मध्ये या माशाला त्यांचं नाव मिळालं.

"मावशी, नर तर मागच्या महिन्यात मेला. मग पिल्लं कशी झाली?"

गप्पीची मादी नराचं बीज अंगात कित्येक महिने साठवून ठेवते, आणि साधारण महिन्याला एक अशी वेतं होत राहतात. अंडी नाही घालत, थेट पोहती पिल्लं. आणि ती दिसली की खातेही. मुलांनी पिल्लांसाठी वर तरंगणारं हिरवं शेवाळ मागितलं, ते दिलं. त्याच्या जाळ्यात पिल्लं लपतात. इथे दहा मिनिटांचं काम होतं.

दुपारी साडेबारा, घोडबंदर रोड

पंचविसाव्या मजल्यावर, नववीतल्या मुलीच्या अभ्यासाच्या टेबलावर एक निळा फायटर. आधी तो फुलदाणीत होता. आता पाच लिटरहून मोठ्या, झाकणाच्या टाकीत आहे, यासाठी मी तिच्या आईशी बरेच दिवस बोलत होते. फायटरला चिखलाच्या डबक्यात राहायची सवय, म्हणून त्याला वाटीभर पाणी पुरतं, असं दुकानदार सांगतात. तो भातखाचरात आणि साठलेल्या पाण्यात राहतो हे खरं, पण ती खाचरं मैलोगणती पसरलेली असतात. त्याच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर एक घड्या पडलेला अवयव असतो, त्याने तो थेट हवेतला प्राणवायू घेतो. त्यामुळे वाटीत तो मरत नाही, एवढाच काय तो फायदा. मरत नाही म्हणजे बरा आहे असं नाही.

"ताई, हा माझ्या कंपासपेटीवर का चिडतो? निळ्यावर नाही चिडत, लालवर चिडतो."

मी तिला पेटी समोर धरायला सांगितली. कल्ल्यांची झाकणं उघडून ताठ झाली, पर पसरले, अंग थरथरलं. नेदरलँड्समधल्या लायडनला निको टिनबर्गेन स्टिकलबॅक नावाचे छोटे मासे अभ्यासत होते. त्या जातीच्या नराचं पोट विणीच्या काळात लाल होतं. खिडकीबाहेरून टपालाची लाल गाडी गेली की टाकीतले नर तिच्या दिशेने धावायचे, तिला हाकलायला. फ्रिश यांच्याबरोबर नोबेल मिळालं ते याच टिनबर्गेन यांना. फायटरच्या बाबतीत लालच हवा असं नाही, आरशातला आपलाच चेहराही त्याला परका नर वाटतो. आरसा रोज एखाद-दोन मिनिटं दाखवायला हरकत नाही. तासभर ठेवला तर तो थकून आजारी पडतो.

टाकीच्या कोपऱ्यात, पाण्यावर साबूदाण्याच्या दाण्यांसारख्या बारीक बुडबुड्यांचा थर जमला होता. मुलीला वाटलं, पाणी खराब झालं. तिच्या डोळ्यांदेखत फायटर वर गेला, हवा घेतली, तोंडात घोळवली आणि चिकट लाळेत गुंडाळलेला एक बुडबुडा थराच्या कडेला खालून लावला. परत वर. परत एक. जिथे थर विरळ वाटला तिथे आधी. मादी आसपास नसतानाही नर हे घरटं बांधतो. मादी असेल तर ती अंडी घालते, आणि तळाकडे घसरणारं प्रत्येक अंडं हा तोंडात झेलून घरट्यात नेऊन बसवतो. पुढचे दिवस बापच पहारा देतो; आईलाही जवळ येऊ देत नाही. थायलंडने 2019 मध्ये या माशाला राष्ट्रीय जलचराचा मान दिला. पाणी बदलताना मी कोपऱ्यातलं घरटं तसंच राहील अशा बेताने बादली हळू ओतली. ही सवय, आणि तिला धक्का लावू नये असं मला मनापासून वाटतं.

दुपारी दोन

डबा एका ओळखीच्या घरी खाल्ला आणि फोन सुरू झाले. वीज गेली आहे. जूनचा पहिला आठवडा, पाऊस तोंडावर आला तरी पडत नाही, टाक्यांचं पाणी एकतीस अंशांवर. "ताई, सगळे वर येऊन तोंड उघडतायत."

ही तक्रार, आणि यात वेळ घालवायचा नसतो. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. पंचवीस अंशांना लिटरमागे सुमारे 8.3 मिलिग्रॅम, तीसला साडेसातच्या आसपास. त्याच वेळी गरम पाण्यात माशाला प्राणवायू लागतो जास्त. पंप बंद पडला की खालच्या पाण्यापर्यंत हवा पोचतच नाही. म्हणून ते पृष्ठभागाला तोंड लावतात, जिथे पाण्याच्या पातळ थरात थोडा प्राणवायू असतो. मी सांगते: झाकण काढा, खाणं अजिबात घालू नका, मगाने पाणी उचलून वितभर उंचीवरून परत टाकीत सोडा, दर पाच मिनिटांनी. बर्फ थेट टाकू नका. पिशवीत बांधून थोडा वेळ तरंगवा. सेलवर चालणारा छोटा पंप प्रत्येक घरात असावा असा माझा आग्रह आहे; तो महाग नसतो.

एका फोनवर मात्र मी घाई केली नाही. "कोरी सारख्या सुळकन वर जातात आणि खाली येतात" असं ते गृहस्थ म्हणाले. बाकीचे मासे? ठीक आहेत, मध्येच फिरतायत. मग काळजी नको. कोरीडोरस हे तळाशी वावरणारे छोटे कॅटफिश पृष्ठभागावरून हवेचा घोट गिळतात आणि आतड्याच्या मागच्या भागातून प्राणवायू घेतात. निरोगी टाकीतही अधूनमधून त्यांची अशी धाव चाललेली असते. तोंड लावून वरच राहणं वेगळं आणि क्षणात वर जाऊन परतणं वेगळं. याच कोरी डोळे मिचकावल्यासारखं करतात त्याचंही लोकांना नवल वाटतं. पापण्या तर नाहीतच. ते बुबुळ खाली फिरवतात.

दुपारी साडेतीन

दुकानात. नवे मासे निवडताना मी पिशवीतल्या माशाकडे बघत नाही, टाकीतला बघते. जो एकटाच कोपऱ्यात आहे, जो दगडावर अंग घासतोय, ज्याचे पर मिटलेले आहेत, तो नको. अंग घासणं ही खाज असते. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचे ठिपके दिसायच्या आधी मासा असाच घासत असतो, आणि तेव्हाच ओळखलं तर अख्खी टाकी वाचते.

आज डेनिसन बार्ब आलेत, लाल-काळ्या रेघेचे, एकत्र पोहणारे. हा आपल्या पश्चिम घाटातला मासा, केरळ आणि कर्नाटकातल्या वाहत्या ओढ्यांचा. 2013 मध्ये त्याची प्रजाती स्वतंत्र मानून तिला सह्याद्रिया नाव दिलं गेलं. त्या संशोधकांत पुण्याचे नीलेश डहाणूकर होते. आंतरराष्ट्रीय यादीत तो धोक्यातला म्हणून नोंदलेला आहे, आणि त्याला कारण आपल्यासारख्या हौशी लोकांची मागणी हेही आहे. म्हणून मी दुकानदाराला विचारते, नदीतून पकडलेले की हॅचरीचे? नीट उत्तर मिळालं नाही, मी घेतले नाहीत.

तिथेच एक तरुण मोठा झालेला सकर फिश घेऊन आला होता. काचेवरचं शेवाळ खायला म्हणून बोटाएवढा आणलेला, आता हाताएवढा. दुकानदार परत घेईना. "मग तलावपाळीत सोडतो," तो म्हणाला. मी त्याला थांबवलं. सकर दक्षिण अमेरिकेतला. देशात कित्येक तलावांत आणि नद्यांत तो अशाच दयाळू हातांनी पोचला आहे, तिथे काठ पोखरतो आणि बाकीच्या माशांच्या वाट्याचं खातो. ठाण्याचे तलाव आधीच कसेबसे तग धरून आहेत. सकर मी घेतला. पाचपाखाडीच्या एका मोठ्या टाकीत त्याला जागा आहे.

संध्याकाळी साडेपाच

ज्या घरी एंजल आहेत तिथे आज दुःख आहे. जोडीने रुंद पानावर शेकडो अंडी घातली, दोन दिवस आळीपाळीने पर हलवत त्यांना वारा घातला, आणि आज सकाळी एकही अंडं नाही.

"आई असून खाल्ली हो," आजी म्हणतात. "असं कसं करवलं?"

मी त्यांच्याशी बराच वेळ बोलले. पांढरी पडलेली अंडी आईबाप स्वतः वेचून खातात, कारण ती फळलेली नसतात आणि त्यांवरची बुरशी शेजारच्या अंड्यांवर चढते. ते बरोबरच आहे. सगळीच खाल्ली जातात ती बहुतेक वेळा जोडी नवी असते म्हणून, किंवा टाकीसमोर फार वर्दळ झाली म्हणून. काल या घरात पाहुणे होते, मुलं काचेवर टिचक्या मारत होती. धोक्यात पिल्लं वाढणार नाहीत असं वाटलं की अंगातली ताकद वाया न घालवता परत घेणं, हा माशाचा हिशेब असतो. त्यात क्रूरपणा नाही. महिन्याभरात ही जोडी पुन्हा घालेल. तेव्हा टाकीला तीन बाजूंनी कागद लावायचा असं ठरलं. पिल्लं निघाली की हेच आईबाप त्यांना तोंडात धरून एका पानावरून दुसऱ्या पानावर नेतात. ते पाहिल्यावर आजींचं मन फिरेल, मला खात्री आहे.

बाहेर ढग भरून आले होते. साडेसहाला पाऊस कोसळला.

रात्री नऊ

कपडे वाळत घालेपर्यंत फोन वाजला. कळव्याचा कॉलेजातला मुलगा, माझ्याकडून कोरी घेऊन गेलेला. आवाज चढलेला.

"ताई, काहीतरी विचित्र चाललंय. दोन कोरी एकमेकांना काटकोनात चिकटून थरथरतायत. आणि एक मादी काचेवर तोंड घासत फिरतेय. भांडण आहे का?"

"तू आज पाणी बदललंस?"

"हो, पाऊस पडल्यावर. गार होतं पाणी."

मग भांडण नव्हे. कोरी दक्षिण अमेरिकेतल्या ओढ्यांच्या. तिथे पावसाचं गार पाणी आलं की त्यांची वीण सुरू होते, आणि टाकीत अचानक गार, ताजं पाणी मिळालं की त्यांना तोच निरोप पोचतो. मादी नराच्या पोटाला तोंड लावून काटकोनात थांबते. त्याच वेळी आपल्या पोटाखालच्या परांची ओंजळ करून तिच्यात दोन-चार अंडी धरते, आणि जागा शोधून, काच तोंडाने घासून तिथे चिकटवते. हेच पुन्हा पुन्हा.

"आता नीट ऐक," मी म्हटलं. "त्यांना होऊ दे सगळं. झाल्यावर अर्धा-एक तास थांब, अंड्यांचं कवच घट्ट होऊ दे. मग बोटाने हलकेच लोळवत काचेवरून सोडव, फुटत नाहीत. टाकीतलंच पाणी एका पांढऱ्या डब्यात घे, त्यात ठेव, एअरस्टोन अगदी मंद सोड. निळ्या औषधाचा थेंब टाक, बुरशी धरणार नाही. रात्रभर टाकीतच ठेवलीस तर तुझे टेट्रा सकाळपर्यंत एकही ठेवणार नाहीत."

"पिल्लं कधी?"

"तीन ते पाच दिवस. पहिला दीड-दोन दिवस खायला नको, पोटाखालच्या पिशवीवर जगतात. नंतर आर्टेमिया लागेल, माझ्याकडे अंड्यांची पुडी आहे, ती मिठाच्या पाण्यात कशी उबवायची ते दाखवते. किती झालीत?"

तो मोजायला लागला. सत्तावीसपर्यंत ऐकू आलं, मग म्हणाला, ताई, अजून घालतेच आहे.

उद्याची पहिली फेरी नौपाड्याची होती. आजोबांना सकाळी फोन करून उशिरा येते म्हणून सांगायचं आणि आधी कळव्याला जायचं, असं ठरवून मी पुडी पिशवीत वरच ठेवली.